टोनी गार्नेट आणि ब्रिटिश दूरचित्रवाणी नाट्य : निर्मात्याच्या भूमिकेचा एक अभ्यास

प्रास्ताविक

मराठीत 'निर्माता' हा शब्द उच्चारला की नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या व्यवसायात पैसा घालणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. श्रेयनामावलीत तिचे नाव अग्रभागी असते; परंतु कलाकृतीच्या चर्चेत ते क्वचितच येते. समीक्षक लेखकाविषयी लिहितो, दिग्दर्शकाविषयी लिहितो, नटांविषयी तर लिहितोच. निर्मात्याचा उल्लेख झाला तर तो बहुधा खर्चाच्या किंवा कज्ज्याच्या निमित्ताने होतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या संदर्भात मात्र ही कल्पना अपुरी पडते. बीबीसी ही प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना-शुल्कावर चालणारी सार्वजनिक संस्था आहे. तेथे पैसा संस्थेचा असतो आणि निर्माता हा त्या संस्थेने नेमलेला माणूस असतो. विषय कोणता घ्यावयाचा, तो कोणत्या लेखकाकडे सोपवावयाचा, कोणता दिग्दर्शक त्याला न्याय देईल, संहितेतील कोणता भाग प्राणपणाने राखावयाचा आणि वरिष्ठांना कोणती गोष्ट केव्हा सांगावयाची, हे सारे निर्णय त्याच्याकडे येतात. पडद्यावर काय दिसू शकते, याची सीमारेषा प्रत्यक्षात अशा व्यक्तींच्या टेबलावर ठरत असते.

ही सीमारेषा सातत्याने पुढे ढकलणारा निर्माता म्हणून टोनी गार्नेट (१९३६–२०२०) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. केन लोच या दिग्दर्शकाचे नाव जगभरच्या चित्रपट-अभ्यासकांना परिचित आहे. परंतु ज्या दूरचित्रवाणी नाटकांनी लोच यांची ओळख घडविली, त्यांपैकी बहुतेकांमागे गार्नेट उभे होते, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात गार्नेट यांचे जीवन आणि कार्य यांचा परामर्श घेतला असून, निर्मात्याच्या पदाचा उपयोग त्यांनी कसा केला आणि त्या पदाच्या मर्यादा त्यांना कोठे जाणवल्या, या प्रश्नांवर भर दिला आहे.

बालपण आणि जडणघडण

गार्नेट यांचा जन्म ३ एप्रिल १९३६ रोजी बर्मिंगहॅम येथे एका कामगार कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव लुईस. १९४१ मध्ये, ते पाच वर्षांचे असताना, त्यांच्या आईचा मृत्यू झाला. चोरून करून घेतलेल्या गर्भपातानंतर झालेला जंतुसंसर्ग हे त्या मृत्यूचे कारण होते. त्या काळी इंग्लंडमध्ये गर्भपात हा गुन्हा होता; पैसेवाल्या स्त्रीला विश्वासू डॉक्टर मिळत असे, गरीब स्त्रीला गल्लीतली एखादी बाई. पत्नीच्या मृत्यूनंतर एकोणीस दिवसांनी वडिलांनी आत्महत्या केली. दोन भावंडांची ताटातूट झाली आणि टोनी यांना मावशी-काकांच्या घरी वाढविण्यात आले. घरात या विषयावर कोणी बोलत नसे.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने कामगारवर्गातील हुशार मुलांना माध्यमिक व उच्च शिक्षणाची दारे उघडली होती. त्या पिढीचे गार्नेट हे प्रतिनिधी म्हणता येतील. बर्मिंगहॅममधील शालेय शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मानसशास्त्राचा अभ्यास केला. मात्र ओढ अभिनयाची होती. १९६० च्या सुमारास ते दूरचित्रवाणीवर नट म्हणून दिसू लागले. शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांवर आधारित 'अ‍ॅन एज ऑफ किंग्ज' ही बीबीसीची मालिका आणि डेव्हिड मर्सर यांची नाटके यांत त्यांनी कामे केली. नट म्हणून ते फार मोठे झाले नाहीत, परंतु हा अनुभव पुढे मोलाचा ठरला. दूरचित्रवाणीवरील अभिनय हा रंगमंचावरील अभिनयाचा आक्रसलेला अवतार आहे, ही तक्रार त्यांनी आतून अनुभवली होती.

याच काळात टॉप्सी जेन या गुणी अभिनेत्रीशी त्यांचा विवाह झाला. 'द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर' (१९६२) या चित्रपटात त्यांनी काम केले होते आणि 'बिली लायर' (१९६३) या चित्रपटात नायिकेची भूमिका त्यांना मिळाली होती. चित्रीकरण सुरू असताना त्या मानसिक आजाराने ग्रस्त झाल्या; ती भूमिका ज्युली क्रिस्टी यांच्याकडे गेली आणि त्यातूनच क्रिस्टी प्रकाशात आल्या. टॉप्सी जेन पूर्णपणे बऱ्या झाल्या नाहीत. मनोरुग्णालयातील उपचारपद्धती गार्नेट यांनी त्या निमित्ताने जवळून पाहिली.

'द वेन्सडे प्ले' : संहिता-संपादक ते निर्माता

१९६२ च्या अखेरीस सिडनी न्यूमन हे कॅनेडियन गृहस्थ बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. रंगभूमीवरील जुनी नाटके पडद्यावर आणण्याऐवजी समकालीन ब्रिटनविषयी नव्याने लिहिलेली नाटके असावीत, हे त्यांचे धोरण होते. या धोरणातून ऑक्टोबर १९६४ मध्ये 'द वेन्सडे प्ले' ही साप्ताहिक नाट्यमाला सुरू झाली. न्यूमन यांनी निर्माता, दिग्दर्शक आणि संहिता-संपादक अशी कामाची स्पष्ट विभागणी केली. जेम्स मॅकटॅगर्ट हे मालेचे निर्माते होते आणि रॉजर स्मिथ हे संहिता-संपादक. स्मिथ यांनी गार्नेट यांना आपले साहाय्यक म्हणून बोलावून घेतले. संहिता-संपादकाचे काम लेखक शोधण्याचे. गार्नेट यांनी ते शब्दशः घेतले. नाटक कधीही न लिहिलेल्या, विद्यापीठांच्या व नाट्यवर्तुळांच्या बाहेरील माणसांना लिहावयास लावणे ही त्यांची पद्धत येथेच घडली.

नेल डन यांच्या दक्षिण लंडनमधील कामगार तरुणींविषयीच्या पुस्तकावर आधारलेले 'अप द जंक्शन' हे नाटक ३ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रक्षेपित झाले. दिग्दर्शक होते केन लोच. मॅकटॅगर्ट यांना हा मजकूर नाटकासाठी योग्य वाटत नव्हता. ते रजेवर असताना गार्नेट यांनी तो पुढे रेटला, ही हकिगत ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासात सुपरिचित आहे. मॅकटॅगर्ट परतले तेव्हा निर्मिती मागे घेण्याच्या पलीकडे गेली होती. त्यांच्या मोठेपणाचा भाग असा की, त्यांनी नंतर ती अडविली नाही.

या नाटकाच्या मध्यभागी एका तरुण मुलीचा चोरटा गर्भपात आहे. तिच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि पडद्यामागून एका डॉक्टरचा शांत आवाज अशा गर्भपातांमुळे होणाऱ्या मृत्यूंविषयी बोलू लागतो. कथेच्या ओघात वास्तवातील माहितीचा असा शिरकाव तेव्हा अपरिचित होता. शेकडो प्रेक्षकांनी बीबीसीकडे तक्रारी केल्या. मेरी व्हाइटहाउस यांच्या नीतिरक्षक संघटनेला आयते लक्ष्य मिळाले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, डेव्हिड स्टील यांनी मांडलेला गर्भपातविषयक कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. नाटकामुळे कायदा झाला असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. त्यामागे स्त्रियांच्या संघटनांचे तीन दशकांचे काम होते. परंतु ज्या गोष्टीविषयी घराघरांत मौन होते ती बुधवारी रात्री बैठकीच्या खोलीत बोलली गेली, एवढे खरे. हे मौन गार्नेट यांच्या स्वतःच्या घरातही होते आणि त्या वेळी त्यांनी ते जाहीरपणे मोडले नाही. नाटकाच्या बाजूने युक्तिवाद करताना आईच्या मृत्यूचा आधार घेणे त्यांना सहज शक्य होते. तो त्यांनी घेतला नाही.

चित्रफितीचा प्रश्न

येथे एका तांत्रिक बाबीकडे वळणे आवश्यक आहे, कारण गार्नेट यांच्या निर्मितिविचाराचा गाभा तीत आहे. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणी नाटक म्हणजे स्टुडिओतील नाटक. तीन भिंतींची नेपथ्ये ओळीने उभी केलेली असत, अवजड इलेक्ट्रॉनिक कॅमेरे त्यांच्यासमोर सरकत आणि दिग्दर्शक वरच्या कक्षात बसून एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारीत असे. ध्वनिचित्रफीत कापणे खर्चिक असल्यामुळे दृश्ये शक्यतो सलग नोंदविली जात. बाहेरचे जग लागले तर काही मिनिटांचा चित्रित तुकडा मध्ये जोडावयाचा. अशा रचनेत संवाद महत्त्वाचा ठरतो, शहर पार्श्वभूमीला जाते आणि पात्रे खोलीत बसून एकमेकांना आपली परिस्थिती समजावून सांगतात.

गार्नेट आणि लोच यांना रस्त्यावर जावयाचे होते. त्यासाठी सोळा मिलिमीटरचा हलका कॅमेरा उपलब्ध होता. वृत्तविभाग तो रोज वापरीत असे. परंतु तो बातम्यांचा कॅमेरा, नाटकाचा नव्हे, अशी संस्थेची धारणा होती. शिवाय स्टुडिओंवर प्रचंड खर्च झालेला होता आणि ते रिकामे ठेवणे प्रशासनाला परवडणारे नव्हते. म्हणजे प्रश्न कलेइतकाच हिशेबाचा होता. 'अप द जंक्शन' मध्ये अधिकाधिक भाग बाहेर चित्रित करण्यात आला आणि स्टुडिओत नोंदविलेल्या भागाची सोळा मिलिमीटरवरील प्रत घेऊन तिचे संकलन करण्यात आले. हा मार्ग आडवळणाचा होता, पण त्यामुळे नाटकाला चित्रपटाची लय मिळाली. पुढच्या वर्षी तर जवळजवळ संपूर्ण नाटक रस्त्यांवर, वसतिगृहांत आणि पडक्या घरांत चित्रित झाले. ते नाटक म्हणजे 'कॅथी कम होम'.

'कॅथी कम होम' आणि परिणामाचा प्रश्न

पत्रकार जेरेमी सँडफर्ड यांनी बेघर कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. त्यावर आधारलेली त्यांची संहिता पूर्वी नाकारली गेली होती. गार्नेट आता निर्माते झाले होते. त्यांनी ती स्वीकारली आणि तिचे खरे स्वरूप वरिष्ठांपुढे फारसे उलगडू न देता ती निर्मितीत ढकलली. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी ते नाटक प्रक्षेपित झाले. कॅथी आणि रेज या तरुण जोडप्याला अपघातामुळे रोजगार गमवावा लागतो, घर सुटते, मग नातेवाइकांचे घर, पडीक खोली, चाकांवरची गाडी आणि शेवटी बेघरांसाठीचे वसतिगृह अशी उतरंड सुरू होते. वसतिगृहाच्या नियमानुसार पतीला पत्नी-मुलांसोबत राहता येत नाही. अखेरच्या प्रसंगात रेल्वे स्थानकावर अधिकारी कॅथीच्या हातातून मुले ओढून नेतात. कॅथीची भूमिका कॅरोल व्हाइट यांनी केली होती आणि मुले त्यांची स्वतःचीच होती.

सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी, म्हणजे ब्रिटनच्या लोकसंख्येच्या जवळपास चौथ्या हिश्शाने, हे नाटक पाहिले. संसदेत त्याची चर्चा झाली. पुढे इसवी सन २००० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेल्या शंभर सर्वोत्कृष्ट ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या निवडीत त्याला दुसरे स्थान मिळाले. 'शेल्टर' ही बेघरांसाठी काम करणारी संस्था या नाटकातून जन्मली, असे अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. ते तंतोतंत बरोबर नाही. संस्थेची तयारी स्वतंत्रपणे आधीच झाली होती. १ डिसेंबर १९६६ रोजी, म्हणजे नाटकानंतर अवघ्या पंधरवड्याने, तिचे उद्‌घाटन झाले आणि नाटकाने तयार केलेल्या लोकभावनेचा तिला मोठा लाभ झाला. काही ठिकाणी पतीला कुटुंबापासून दूर ठेवण्याचा नियम शिथिल झाला. घरबांधणीच्या मूळ धोरणात मात्र मोठा फरक पडला नाही.

गार्नेट आणि लोच यांनी या यशातून काढलेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. प्रेक्षक कॅथीसाठी रडले, सर्व पक्षांचे राजकारणी हळहळले. परंतु जमिनीची मालकी कोणाकडे, बांधकामाचा नफा कोठे जातो, हे प्रश्न नाटकाने विचारलेच नव्हते. ज्या नाटकाशी सगळेच सहमत होतात ते कोणालाच अडचणीत आणत नाही. पुढील दशकातील त्यांची नाटके या असमाधानातून निघाली आहेत.

संघर्षाचे दशक

मँचेस्टरचे जिम अ‍ॅलन हे खाणीत, गोदीत आणि बांधकामावर मजुरी केलेले लेखक. गार्नेट यांनी त्यांची 'द लम्प' (१९६७) ही बांधकाम-मजुरांवरील नाट्यकृती सादर केली. त्यानंतरच्या 'द बिग फ्लेम' (१९६९) मध्ये लिव्हरपूलचे गोदी कामगार संपावर न थांबता गोदीचा ताबा घेऊन ती स्वतः चालवू लागतात. हे नाटक तयार होऊनही काही काळ अडकून पडले. त्याच सुमारास 'रेडिओ टाइम्स' या बीबीसीच्या साप्ताहिकात, नाटक आणि वास्तव यांची सरमिसळ करून प्रेक्षकाची दिशाभूल करू नये, असा इशारा देणारा मजकूर प्रसिद्ध झाला. गार्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला त्याच नियतकालिकात पत्राद्वारे उत्तर दिले. त्यांच्या मते, आक्षेप शैलीवर असल्याचा केवळ आव होता. खरी अडचण आशयाची होती. राजघराण्याविषयीच्या किंवा युद्धाविषयीच्या नाटकात वास्तवाची सरमिसळ झाली तर कोणी तक्रार करीत नाही, हे लक्षात घेता हा युक्तिवाद सहज खोडता येत नाही.

'इन टू माइंड्स' (१९६७) या डेव्हिड मर्सर यांच्या नाटकाने छिन्नमनस्कतेचा प्रश्न हाती घेतला. आर. डी. लँग या मनोविकारतज्ज्ञाच्या विचारांचा त्यावर प्रभाव होता : रुग्णाचा आजार त्याच्या कुटुंबातील ताणांपासून वेगळा काढता येत नाही, ही ती भूमिका. १९७१ मध्ये याच संहितेवर 'फॅमिली लाइफ' हा चित्रपट निघाला. लँग यांची कुटुंबाला दोषी धरणारी मांडणी आज मनोविकारशास्त्राने फारशी स्वीकारलेली नाही. तथापि विद्युत्-उपचारांच्या यांत्रिक वापराविषयीची या नाटकातील अस्वस्थता कोठून आली असावी, हे टॉप्सी जेन यांची हकिगत माहीत असलेल्या वाचकास सांगावयास नको.

१९६८ मध्ये गार्नेट यांनी मॅकटॅगर्ट, मर्सर, केनिथ ट्रॉड आदींसह 'केस्ट्रेल' ही स्वतंत्र निर्मितिसंस्था उभारली. खासगी वाहिनीसाठी नाटके पुरविणे हा तिचा हेतू होता; तो प्रयोग अल्पजीवी ठरला. संस्थेच्या नावाशी नाते सांगणारा 'केस' (१९६९) हा चित्रपट मात्र टिकला. बॅरी हाइन्स यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात बार्न्सलीच्या कोळसा-पट्ट्यातील एक उपेक्षित शाळकरी मुलगा बहिरी ससाण्याच्या जातीतील एक लहान शिकारी पक्षी पाळतो. मुख्य भूमिकेत डेव्हिड ब्रॅडली हा तेथीलच शाळेतील मुलगा होता. बोली दक्षिणेतील प्रेक्षकांना समजणार नाही या भीतीने वितरकांनी चित्रपट आधी उत्तर इंग्लंडमध्येच प्रदर्शित केला. १९९९ च्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सूचीत तो सातव्या क्रमांकावर होता. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा हा चित्रपट आहे. शाळा एखाद्या मुलाला काय शिकवू शकत नाही, हे त्यात एकाही व्याख्यानाविना दिसते.

बीबीसीत परतल्यानंतर गार्नेट यांनी 'प्ले फॉर टुडे' या मालेसाठी काम केले. माइक ली यांचे बीबीसीवरील पहिले नाटक 'हार्ड लेबर' (१९७३) त्यांच्याच निर्मितीखाली झाले. 'डेज ऑफ होप' (१९७५) ही जिम अ‍ॅलन-लोच यांची चार भागांची कृती १९१६ ची सक्तीची सैन्यभरती ते १९२६ चा सार्वत्रिक संप या कालखंडातून जाते आणि संपाचा विश्वासघात कामगारांच्या स्वतःच्या पुढाऱ्यांनी केला, असे सुचविते. वृत्तपत्रांत गदारोळ झाला. एका आक्षेपानुसार नाटकातील सैनिक तिघा-तिघांच्या रांगेत चालत होते, जेव्हा १९१६ मध्ये चौघा-चौघांची पद्धत होती. मोठ्या राजकीय प्रश्नाला असे बारीक उत्तर देणे ही समीक्षेची जुनी युक्ती आहे, पण चूक ती चूकच. अभ्यासकांच्या जगातही या मालिकेने वाद पेटविला. 'स्क्रीन' या नियतकालिकात कॉलिन मॅकेब आणि कॉलिन मॅकआर्थर यांच्यात जी चर्चा झाली तिचा मुद्दा असा होता : पारंपरिक वास्तववादी शैलीत क्रांतिकारक आशय मांडता येतो काय, की ती शैलीच प्रेक्षकाला निष्क्रिय करते? हा वाद आजही माध्यम-अभ्यासाच्या वर्गांत शिकविला जातो. गार्नेट यांचा कल स्पष्ट होता; लक्षावधी कामगार ज्या शैलीत पाहू इच्छितात ती सोडून मोजक्या अभ्यासकांसाठी काम करण्यात त्यांना रस नव्हता.

१९७८ हे वर्ष या दृष्टीने कळसाचे. जानेवारीत 'द स्पंजर्स' प्रक्षेपित झाले. लेखक जिम अ‍ॅलन, दिग्दर्शक रोलँड जॉफी. 'स्पंजर्स' म्हणजे बांडगुळे, फुकटखाऊ. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द. १९७७ मध्ये राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना चार मुलांच्या एका परित्यक्ता आईला कल्याणखर्चातील कपातीला तोंड द्यावे लागते. तिची डाउन सिंड्रोम असलेली मुलगी चांगल्या संस्थेतून काढून वृद्धाश्रमात टाकली जाते. शेवटी ती आई मुलांसह जीवन संपविते. नाटकाचे शीर्षक राजघराण्याच्या प्रतिमांसोबत पडद्यावर येते आणि फुकटखाऊ कोण, हा प्रश्न तेथेच मांडला जातो. या नाटकाला प्रिक्स इटालिया हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. येथे कॅथीपेक्षा एक महत्त्वाचा फरक जाणवतो. कॅथीच्या कथेतील अधिकारी कठोर होते; 'द स्पंजर्स' मधील अधिकारी बहुतांशी सभ्य, थकलेले आणि नियमांनी बांधलेले आहेत. क्रौर्य कोणाच्या स्वभावात नाही, ते अंदाजपत्रकात आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जी. एफ. न्यूमन लिखित आणि लेस ब्लेअर दिग्दर्शित 'लॉ अँड ऑर्डर' ही चार नाटकांची मालिका आली. पोलीस, गुन्हेगार, वकील आणि कैदी अशा चार बाजूंनी सांगितलेल्या या कथेत लंडन पोलिसांतील भ्रष्टाचार ही एखाद्या वाईट अधिकाऱ्याची विकृती नसून कामकाजाची रीतच आहे. संसदेत प्रश्न विचारले गेले, तुरुंग-प्रशासनाने बीबीसीला तुरुंगांत प्रवेश देणे काही काळ थांबविले आणि ही मालिका बीबीसीवर पुन्हा दिसण्यास २००९ साल उजाडावे लागले. निर्मात्याच्या स्वातंत्र्याची ही किंमत होती : बंदी घातली गेली नाही, फक्त पुनःप्रक्षेपण झाले नाही. नियंत्रणाचा हा प्रकार दिसत नाही म्हणून अधिक परिणामकारक असतो. बीबीसीतील नेमणुकांची गुप्तचर खात्याकडून छाननी होत असे, ही बाब १९८५ मध्ये 'द ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने उघड केली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

अमेरिका आणि पुनरागमन

१९८० च्या दशकात गार्नेट अमेरिकेत गेले. दोन चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले : 'प्रॉस्टिट्यूट' (१९८०) ब्रिटनमध्ये आणि 'हँडगन' (१९८३) टेक्सासमध्ये. निर्माते म्हणून लहान मुलांसाठीचा 'फॉलो दॅट बर्ड' (१९८५) आणि अणुबाँबच्या निर्मितीवरील 'फॅट मॅन अँड लिटल बॉय' (१९८९) ही त्यांची कामे. या दशकाबाबत अधिक लिहिण्यासारखे नाही. हॉलिवुडमध्ये निर्मात्याकडे पैसा होता, पण ज्यावर काम करावे असा समाज त्यांचा नव्हता.

१९९० च्या सुमारास ते परतले तेव्हा ब्रिटिश दूरचित्रवाणी बदलली होती. एकेका रात्रीचे स्वतंत्र नाटक जवळजवळ संपले होते. 'प्ले फॉर टुडे' १९८४ मध्येच बंद झाली होती. आता मागणी मालिकांची होती आणि त्याही पोलीस व रुग्णालय यांच्या. गार्नेट यांनी या परिस्थितीवर अश्रू ढाळले नाहीत. 'वर्ल्ड प्रॉडक्शन्स' या संस्थेतून त्यांनी ट्रोजन घोड्याची नीती अवलंबिली. बाहेरून लोकप्रिय प्रकार, आत समाजचिकित्सा. 'बिटवीन द लाइन्स' (१९९२–९४) ही मालिका पोलिसांची चौकशी करणाऱ्या पोलिसांविषयी होती. 'लॉ अँड ऑर्डर' चा आशय तिच्यात आकर्षक वेष्टनात परतला. 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट' (१९९४–९६) मध्ये सार्वजनिक रुग्णालयातील दमलेले शिकाऊ डॉक्टर होते. लेखक स्वतः नोकरीतील डॉक्टर असल्याने टोपणनावाने लिहीत होता. त्याचे खरे नाव जेड मर्क्युरिओ. हाच लेखक पुढे 'लाइन ऑफ ड्यूटी' (२०१२–२०२१) या वर्ल्ड प्रॉडक्शन्सच्याच मालिकेमुळे ख्यातनाम झाला.

'धिस लाइफ' (१९९६–९७) ही एमी जेन्किन्स यांनी कल्पिलेली मालिका एका घरात राहणाऱ्या तरुण वकिलांची. कॅमेरा हातात, प्रकाशयोजना किमान, लेखक व दिग्दर्शक बहुतेक नवखे. अमिता धिरी या अभिनेत्रीने साकारलेली मिली ही प्रमुख पात्रांपैकी एक. ती आशियाई वंशाची आहे, परंतु तिची कथा वंशाच्या समस्येत कोंडलेली नाही. १९९६ च्या ब्रिटिश पडद्यावर ही साधी गोष्ट विरळा होती. 'द कॉप्स' (१९९८–२००१) मध्ये उत्तर इंग्लंडमधील एका गरीब वसाहतीतील गणवेशधारी पोलीस इतक्या निर्ममपणे दाखविले गेले की, मँचेस्टर परिसरातील पोलीस दलाने सहकार्य काढून घेतले. मालिकेला बाफ्टा पुरस्कार मिळाले. या साऱ्या मालिकांत खर्च मुद्दाम कमी ठेवलेला दिसतो. स्वस्त कार्यक्रमात वरिष्ठ कमी लक्ष घालतात, हे तीस वर्षांच्या अनुभवाने शिकविलेले शहाणपण असावे.

२००९ मध्ये गार्नेट यांनी बीबीसीच्या नाट्यविभागातील व्यवस्थापन-संस्कृतीवर प्रखर टीका करणारे टिपण लिहिले आणि ते दूरचित्रवाणी वर्तुळात हातोहात पसरले. निर्मात्यांच्या डोक्यावर अधिकाऱ्यांचे इतके थर चढले आहेत की, कोणत्याही एका माणसाला निर्णय घेता येत नाही, हा त्याचा आशय होता. ही टीका करणाऱ्या माणसाने न्यूमन यांच्या काळात, नाटक चुकले तर नोकरी जाईल पण तोवर कोणी मध्ये येणार नाही, अशा वातावरणात काम केले होते. त्या काळाचे चित्र त्यांच्या मनात थोडे सोनेरी झाले असावे. 'द बिग फ्लेम' तेव्हाही अडकलेच होते. तरीही एक भेद उरतो : तेव्हा अडवणारा माणूस कोण, हे माहीत असे आणि त्याच्याशी भांडता येत असे.

'द डे द म्युझिक डाइड' हे गार्नेट यांचे आत्मकथन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४१ च्या त्या एकोणीस दिवसांची हकिगत त्यांनी तेथे सविस्तर सांगितली. दीर्घकाळ ती त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनाही माहीत नव्हती. 'अप द जंक्शन' ला तेव्हा पन्नास वर्षे उलटून गेली होती. १२ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.